दफ्तराची नवी विद्या : शिक्षकाने ती कोठे व कशी शिकावी

(शिक्षण विस्तार अधिकारी, पंचायत समिती, मानोरा, जि. वाशिम)

१. विषयप्रवेश

मराठीत ‘दफ्तर’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. मूल खांद्याला अडकवून शाळेत आणते तेही दफ्तर, आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात असते तेही दफ्तर. पहिल्या दफ्तराची निगा कशी राखावी हे आपण मुलांस पहिल्या इयत्तेपासून शिकवितो. दुसऱ्या दफ्तराची विद्या मात्र शिक्षकास अध्यापक विद्यालयात फारशी मिळत नाही. नोकरीवर रुजू झाल्यावर आधीच्या गुरुजींनी लिहिलेल्या वह्या उघडून, त्यांचे रकाने पाहून आणि दोन-चार वेळा शेरे खाऊन तो ती संपादन करतो.

गेल्या काही वर्षांत हे दुसरे दफ्तर कपाटातून निघून संगणकात जाऊ लागले आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली. वेतनासाठी ‘शालार्थ’ आहे. देशभरातील शाळांच्या माहितीसाठी ‘यू-डायस प्लस’ आहे. पाठ्यघटक व प्रशिक्षणासाठी ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले ‘दीक्षा’ आहे. यांशिवाय परिपत्रके, छायाचित्रे, अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्रे यांचा ढीग भ्रमणध्वनीत साचतो तो निराळाच. या सर्व साहित्याची नोंद, मांडणी, शोध, दुरुस्ती व जतन ज्या साधनाने होते त्यास आशय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणतात. आपण त्यास सोप्या भाषेत ‘संगणकीय दफ्तर’ म्हणू.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ही विद्या शिक्षकाने स्वतःच का शिकावी? तिची मूलतत्त्वे कोणती? आणि ती शिकण्याचे जे मार्ग आज उपलब्ध आहेत, त्यांतून आपल्यास योग्य तो कसा निवडावा?

२. शिक्षकाने स्वतःच का शिकावे?

‘हे काम आमच्या केंद्रातील एका तंत्रस्नेही गुरुजींकडे देतो’, किंवा ‘बाजाराच्या दिवशी सेवा केंद्रावर जाऊन भरून आणतो’, अशी उत्तरे शाळाभेटीत अनेकदा ऐकू येतात. काम वेळेवर होते, म्हणून त्यात दोष दिसत नाही. परंतु नोंद भरणाऱ्याने त्या मुलास कधी पाहिलेले नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्या तालुक्यात तांड्यांची वस्ती मोठी आहे. पोहरादेवी हे तर समस्त बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी शिकते, आणि संगणकात त्याचे नाव मराठीबरोबरच रोमन लिपीतही लिहावे लागते. एकाच नावाचा प्रवास तीन रूपांतून होतो. जाधव हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना कोणी शेवटी ‘व्ही’ घालतो, तर वऱ्हाडात पुष्कळ घराण्यांत ‘ए-ओ’ लिहिण्याची वहिवाट आहे. चव्हाण या आडनावाचीही दोन-तीन रूपे एकाच तांड्यावर आढळतात. आधारपत्रावरील रूप एक, नोंदवहीतील दुसरे आणि पोर्टलवरील तिसरे, असे झाले म्हणजे ‘अपार’ क्रमांक तयार होताना मेळ बसत नाही. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, दहावीच्या आवेदनपत्रात चूक उतरते, आणि मग ती दुरुस्त करण्यासाठी बापाला मजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

याहूनही दूरचा विचार करावा. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातपडताळणीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक धरला जातो. त्यापूर्वीच्या पुराव्यांत शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतील, म्हणजे आपण ज्यास ‘दाखल-खारीज’ म्हणतो त्यातील, नोंदीस मोठे मोल आहे. आज जो युवक अभियांत्रिकीच्या किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठी पडताळणी समितीपुढे उभा आहे, त्याचा आजा कधीकाळी आपल्याच शाळेत बसला असेल, आणि त्याच्या नावापुढे कोणा गुरुजींनी टाकाने लिहिलेली एक ओळ त्या नातवाचे भवितव्य ठरवीत असेल. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी राज्यात जुन्या नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा शाळांच्या जीर्ण नोंदवह्याही उघडाव्या लागल्या आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांचा शोध घ्यावा लागला. ज्या शाळेने वही जपली होती तेथे नोंद मिळाली. जेथे वही वाळवीने खाल्ली होती तेथे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

आज आपण जी नोंद कळफलकावर करतो, ती आणखी साठ वर्षांनी कोणाच्या तरी नातवास लागणार आहे. म्हणून वही ज्याच्या हातात, कळफलकही त्याच्याच हातात असला पाहिजे. मदत अवश्य घ्यावी. जबाबदारी मात्र दुसऱ्याकडे सोपवू नये.

३. जुन्या दफ्तरातच नव्या विद्येचे मूळ

संगणक ही परकी विद्या आहे, या समजुतीने अनेक अनुभवी शिक्षक मागे राहतात. वस्तुतः दफ्तर नीट ठेवणाऱ्या शिक्षकास तिचा अर्धा भाग आधीच अवगत असतो.

पुण्याचे पेशवे दफ्तर पाहावे. १८९१ मध्ये बांधलेल्या त्या इमारतीत मुख्यतः मोडी लिपीतील कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद होते, तरी ते निवडून, वाचून, वर्गवारी लावून प्रसिद्ध होईपर्यंत सामान्य अभ्यासकास त्यांचा उपयोग नव्हता. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा त्या रुमालांतील इतिहास वाचकांपुढे आला. साठविणे वेगळे आणि सापडेल असे साठविणे वेगळे, हा दफ्तरविद्येचा पहिला पाठ होय.

दुसरा पाठ आपल्याच कचेरीत आहे. शासकीय कार्यालयांत ‘सहा गठ्ठे’ पद्धत चालते. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद, असे हे सहा गठ्ठे. त्याचबरोबर कागद किती काळ ठेवावयाचा यावरून त्याचा वर्ग ठरतो : ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ वर्ग ३० वर्षे, ‘क-१’ वर्ग १० वर्षे, ‘क’ वर्ग ५ वर्षे आणि ‘ड’ वर्ग १ वर्ष. प्रवेश-निर्गम नोंदवही कायम जपावयाची. एखाद्या सभेस उपस्थित राहण्याची सूचना वर्षानंतर टाकून द्यावयाची. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ नेही प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्यास सांगितले आहे.

या दोन पाठांवरून संगणकीय दफ्तराची पुढील पाच तत्त्वे सहज समजतील.

(अ) एक नोंद, एकच ठिकाण. मुलाची जन्मतारीख दहा ठिकाणी निरनिराळी लिहावयाची नाही. ती एका जागी बिनचूक लिहावयाची आणि बाकी सर्व ठिकाणी तेथूनच घ्यावयाची. शाळेपुरती ती एक जागा म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही.

(आ) प्रत्येक वस्तूस ओळख. यू-डायसचा शाळा क्रमांक ११ अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. आपल्या जिल्ह्यातील क्रमांक २७०६ ने सुरू होतात ते यामुळे. त्यापुढे गट, गाव व शाळा यांचे अंक येतात. नाव सारखे असले तरी क्रमांकाने शाळा ओळखता येते. विद्यार्थ्याच्या क्रमांकाचेही तसेच आहे.

(इ) अधिकारांची विभागणी. लिहिणारा कोण, तपासणारा कोण आणि मंजूर करणारा कोण, हे प्रणालीत ठरलेले असते. शाळेने माहिती भरावी, केंद्राने पाहावी, गटाने प्रमाणित करावी, हा क्रम आपल्या परिचयाचा आहेच.

(ई) बदलाचा माग. नोंदवहीत खाडाखोड करावयाची नसते. चुकलेल्या शब्दावर एक रेघ ओढून, वर बरोबर शब्द लिहून, सही व दिनांक घालावयाचा असतो. आणि नाव, जात, जन्मतारीख यांत बदल करावयाचा तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. चांगले सॉफ्टवेअरही कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवते. परंतु पाच जण एकच परवलीचा शब्द वापरू लागले की हा माग पुसला जातो. मग पाच हातांनी एकच सही केल्यासारखे होते.

(उ) दुसरी प्रत. कागदास वाळवी लागते, तसे संगणकासही मरण आहे. महत्त्वाच्या नोंदीची एक प्रत दुसऱ्या साधनावर आणि एक छापील स्वरूपात असावी.

४. प्रशिक्षणाचे मार्ग व त्यांचे गुणदोष

आता मुख्य विषयाकडे वळू. कोणतेही प्रशिक्षण निवडण्यापूर्वी त्यास चार कसोट्या लावाव्यात. त्यात शिकणाऱ्याचा हात प्रत्यक्ष चालतो काय? शिकविले जाणारे काम आपल्या रोजच्या कामाशी जुळते काय? विसरल्यास तोच पाठ पुन्हा पाहता येतो काय? आणि अडल्यास विचारावयास कोणी माणूस जवळ आहे काय? चारही कसोट्यांस उतरणारा एकच मार्ग सापडणे कठीण आहे. म्हणून दोन मार्गांची जोड घालावी लागते.

पहिला मार्ग : मान्यताप्राप्त संगणक अभ्यासक्रम. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली. त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या ठिकाणच्या केंद्रांतून चालतो हे बहुतेकांस ठाऊक आहे. केंद्र शासनाच्या नायलिट संस्थेचा सीसीसी हा अभ्यासक्रम ८० तासांचा आहे. ज्यास संगणक सुरू करण्यापासून प्रारंभ करावयाचा आहे, त्यास हा मार्ग उत्तम. केंद्रावर यंत्र असते, शिकविणारा असतो, सरावाची वेळ ठरलेली असते. उणीव एवढीच, की यात शाळेचे दफ्तर शिकविले जात नाही, आणि सेवाअटीची पूर्तता म्हणून परीक्षा दिली तर प्रमाणपत्र फाइलीस लागते व विद्या विसरते. ज्यांनी अनेक वर्षांपूर्वी ही परीक्षा उत्तीर्ण केली आहे, त्यांनी प्रमाणपत्राकडे न पाहता आज आपणास एक तक्ता स्वतः करता येतो काय, हे तपासावे.

दुसरा मार्ग : विभागीय कार्यशाळा. नवी प्रणाली आली किंवा जुनीत बदल झाला की राज्यस्तरावरून जिल्ह्यास, जिल्ह्यावरून तालुक्यास आणि तालुक्यावरून केंद्रास असे प्रशिक्षण झिरपत येते. आपल्या कामाशी जुळण्याच्या कसोटीस हाच मार्ग सर्वांत अधिक उतरतो, कारण जो नमुना भरावयाचा तोच शिकविला जातो. परंतु उताराच्या शेवटच्या शेतास पाणी कमी पोहोचते, तसे येथेही होते. एका सभागृहात पन्नास शिक्षक, समोर एक पडदा, आणि पडद्यावर दुसऱ्याच कोणाचा हात चालत असतो. यावर उपाय असा : कार्यशाळेस जाताना आपली नोंदवही व आपला संगणक किंवा भ्रमणध्वनी बरोबर न्यावा, आपल्या एका विद्यार्थ्याची नोंद तेथेच पूर्ण केल्याशिवाय उठू नये, आणि शंका कागदावर लिहून नेऊन तिचे उत्तर त्याच कागदावर लिहून आणावे. गटसाधन केंद्रातील साधनव्यक्ती ही शिकविण्यासाठी असते, आपली माहिती भरून देण्यासाठी नव्हे, हेही स्मरणात असावे.

तिसरा मार्ग : ऑनलाइन अभ्यासक्रम. ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २१ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झाला आणि महामारीच्या काळात, २०२० मध्ये, दीक्षावर ऑनलाइन आला. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ वर उच्च शिक्षणसंस्थांचे अभ्यासक्रम आहेत. २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीतून शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट’ हे व्यासपीठ उभे राहिले. त्यावर कार्यालयीन कामकाजाचे व संगणकवापराचे लहान लहान पाठ आहेत. हा मार्ग कमी खर्चाचा, आपल्या सवडीचा आणि पुन्हा पाहण्याजोगा आहे. त्याचा शत्रू एकच : प्रमाणपत्राची घाई. चित्रफीत पुढे ढकलून, प्रश्नांची उत्तरे गटावरून मागवून मिळविलेले प्रमाणपत्र हे नक्कल करून सोडविलेल्या गणितासारखे आहे. मुलांस जे आपण करू देत नाही, ते आपणही करू नये.

चौथा मार्ग : पाहत पाहत करणे. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प चालविला आहे. त्यात मोफत व मुक्त सॉफ्टवेअरवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ असून त्यांपैकी अनेक मराठीतही ऐकावयास मिळतात. पत्रलेखनासाठी लिबर ऑफिस रायटर, तक्त्यांसाठी लिबर ऑफिस कॅल्क, संकेतस्थळाच्या आशय-व्यवस्थापनासाठी ड्रुपल, अशी त्यांची मालिका आहे. पडद्याच्या एका बाजूस पाठ चालू ठेवावयाचा, दुसऱ्या बाजूस तेच सॉफ्टवेअर उघडावयाचे, आणि सांगितलेली प्रत्येक कृती लगेच स्वतः करावयाची, ही त्याची पद्धती आहे. ‘कृतीतून शिक्षण’ या ज्या तत्त्वाचा आपण वर्गात पुरस्कार करतो, तेच हे तत्त्व. पाठ एकदा उतरवून घेतले म्हणजे इंटरनेट नसतानाही पाहता येतात, ही आपल्याकडील खंडित जोडणीच्या गावांसाठी मोठीच सोय आहे. विचारावयास माणूस नसणे ही त्याची उणीव पाचव्या मार्गाने भरून निघते.

पाचवा मार्ग : शेजारच्या शिक्षकाची जोडी. एकाच केंद्रातील दोन शिक्षकांनी आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसावे. एकाने कळफलक चालवावा, दुसऱ्याने केवळ पाहावे व सांगावे. पुढील आठवड्यात भूमिका बदलाव्यात. यात नियम एकच कडक असावा : शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याच्या यंत्रास हात लावू नये. ‘सरा, मी करून देतो’ या प्रेमळ वाक्याने जितके शिक्षक अडाणी राहिले, तितके वीज गेल्याने राहिले नसतील.

याहून पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. ज्यांस आपल्या शाळेचे संकेतस्थळ करावयाचे आहे, त्यांनी २००३ पासून वापरात असलेले वर्डप्रेस शिकावे. ते मुक्त असून त्यात प्रशासक, संपादक, लेखक अशी अधिकारांची विभागणी, कच्चा मसुदा व प्रसिद्ध लेख असा भेद, आणि जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची सोय आहे. वर सांगितलेली तत्त्वे तेथे डोळ्यांसमोर चालताना दिसतात.

५. कोणी कोणता मार्ग धरावा?

ज्यांनी आजवर कळफलकास हात लावलेला नाही, त्यांनी पहिला व पाचवा मार्ग जोडावा. ज्यांस भ्रमणध्वनी उत्तम येतो परंतु तक्ता करता येत नाही, आणि असे शिक्षक आपल्यात बहुसंख्य आहेत, त्यांनी चौथा व पाचवा मार्ग धरावा. ज्यांस तक्ताही येतो, त्यांनी विभागीय कार्यशाळेतील प्रणालीचे ज्ञान पक्के करून जोडीदार म्हणून दुसऱ्या दोघांस शिकवावे. शिकविल्याने विद्या पक्की होते हे शिक्षकास सांगणे नको.

सर्वांसाठी एक पूर्वतयारी समान आहे, ती म्हणजे युनिकोड मराठी लेखन. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की त्याची निरर्थक चिन्हे होतात, हा अनुभव अनेकांचा आहे. तो मजकूर शोधता येत नाही व पोर्टलवर चालत नाही. युनिकोडात प्रत्येक अक्षरास जगभर एकच संकेत असतो, म्हणून मानोऱ्यात लिहिलेले नाव मुंबईतही तसेच वाचले जाते. लेखनासाठी इनस्क्रिप्ट ही प्रमाणित मांडणी शिकावी. तिच्यात स्वर डाव्या हातास व व्यंजने उजव्या हातास येतात. रोज पंधरा मिनिटे सराव केल्यास काही आठवड्यांत बोटे आपोआप वळतात. बोलून लिहविण्याची सोय भ्रमणध्वनीत आहे, ती पत्रासाठी वापरावी. विशेषनामांसाठी तिच्यावर विसंबू नये.

६. नमुना पाठ : एका वर्गाची यादी

उद्देश : नोंदवहीवरून संगणकावर बिनचूक यादी करणे व तीतून माहिती शोधणे.

साहित्य : एका इयत्तेच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी असलेली प्रवेश-निर्गम नोंदवही, लिबर ऑफिस कॅल्क असलेला एक संगणक, दोन शिक्षक.

कृती : प्रथम रकाने आखावेत. नोंदवही क्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आईचे नाव, जन्मदिनांक, जन्मस्थळ, प्रवेशदिनांक आणि पूर्वीची शाळा हे रकाने स्वतंत्र असावेत. संपूर्ण नाव एकाच रकान्यात लिहिल्यास आडनावाने क्रम लावता येत नाही. जन्मदिनांकात वर्ष चार अंकी लिहावे आणि दिवस-महिना हा क्रम सर्व ओळींत एकच ठेवावा. ५ जून व ६ मे यांची अदलाबदल होण्याचे कारण बहुधा येथेच असते.

यादी पूर्ण झाल्यावर पडताळणी करावी. जुने कारकून ज्या रीतीने नक्कल रुजू घालीत, तीच रीत येथे योजावी : एकाने नोंदवहीतून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहावे. मग जन्मवर्षाने क्रम लावावा. एखादे मूल इतरांहून फार लहान वा फार मोठे दिसल्यास ती ओळ पुन्हा तपासावी. आईच्या नावाचा रकाना कोठे रिकामा आहे ते पाहावे. शेवटी आधारपत्रावरील रोमन रूपाशी नाव ताडून, फरक असेल तेथे तो वेगळ्या रकान्यात नोंदवावा. आपणहून कोणतेही रूप बदलू नये. पालकांस बोलावून, कागद दाखवून, रीतसर मार्ग सांगावा.

फाइलीस नाव देताना वर्ष प्रथम, मग महिना, मग विषय असा क्रम ठेवावा. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावे देऊ नयेत. सहा गठ्ठ्यांप्रमाणे सहा फोल्डर करावेत आणि आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी त्याच्या गठ्ठ्यात घालावा.

जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेताना पान जसे आहे तसे घ्यावे. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वीच्या नोंदींत ‘जि. अकोला’ असेच असणार. ती चूक नव्हे, तो पुरावा आहे. तीस दुरुस्त करण्याचा मोह टाळावा.

७. सावधगिरीचे नियम

परवलीचा शब्द वहीच्या मुखपृष्ठावर लिहू नये व कोणास सांगू नये. सेवा केंद्रावरील यंत्रावर काम केल्यास बाहेर पडताना खाते बंद करावे आणि उतरविलेल्या फाइली पुसाव्यात. मुलांचे आधार क्रमांक, छायाचित्रे व आजारपणाची माहिती भ्रमणध्वनीवरील गटात टाकू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये अधिनियम केला असून त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीस विशेष जपले आहे. मूल आपल्यावर विश्वासून आपले नाव सांगते. तो विश्वास हीही एक ठेव आहे.

८. समारोप

प्रणाली बदलत राहतील. आज जी पडद्यावर दिसते ती दहा वर्षांनी नसेलही. म्हणून एखाद्या पोर्टलची बटणे पाठ करण्यापेक्षा, नोंद कशी करावी, कशी जपावी व कशी शोधावी हे शिकणे अधिक टिकाऊ आहे. बटणे बदलली तरी ही विद्या बदलणार नाही. टाकाने लिहिणाऱ्या गुरुजींजवळ ती होती. कळफलकावर लिहिणाऱ्यांनी ती पुढे न्यावयाची आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गेलेले मूल दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेच्या दारात उभे राहील, तेव्हा तेथील अनोळखी शिक्षकास त्याची ओळख सांगणारी नोंद आपणच केलेली असेल. ती खरी असावी.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या दफ्तरातील कोणते कागद कायम जपावयाचे आहेत व कोणते वर्षानंतर नष्ट करता येतील? दहा-दहा उदाहरणे द्या.

२. आपल्या वर्गातील किती मुलांच्या नावात नोंदवही, आधारपत्र व पोर्टल यांत फरक आहे? त्याची कारणे वर्गवार मांडा.

३. लेखातील चार कसोट्या लावून, आपण आजवर घेतलेल्या एका संगणक प्रशिक्षणाचे परीक्षण करा.

स्वाध्याय

जोडीदार ठरवून नमुना पाठाप्रमाणे एका इयत्तेची यादी करा. ती करताना अडलेल्या जागांची टिपणे पुढील शिक्षण परिषदेस बरोबर आणा.